पेटीवरची नऊ नक्षत्रे

माणसाची किंमत त्याच्या आत काय आहे यावरून ठरते, असे कीर्तनकार सांगतात. पेटीची किंमत मात्र तिच्या आत काय जाऊ शकत नाही यावरून ठरते. उघड्यावर बसवायच्या विजेच्या पेटीच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. तिच्यात पाणी जाऊ नये, धूळ जाऊ नये, उंदीर जाऊ नये, मुंगी जाऊ नये आणि ज्याचा संबंध नाही त्याचा हात जाऊ नये. या पाचही अटी पुऱ्या करणारी पेटी मी आयुष्यात एकदाच पाहिली. ती १९६५ साली आमच्या ग्रामपंचायतीने निवडली. निवड उपसमितीत मी होते, त्यामुळे पुढे जे लिहिते ते ऐकीव नाही.

गावाचे नाव देत नाही. राळेगावच्या बाजूला आहे, एवढे पुरे. (नाव दिले तर आमचे लोक म्हणतील की पेटी शेजारच्या गावची होती, आणि शेजारचे गाव ती मागायला येईल.)

मी उपसमितीत कशी आले ते सांगते. कायद्याप्रमाणे पंचायतीत दोन बाया हव्या होत्या. शिवाय नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतले कोणीतरी असावे, असे तहसिलीतल्या साहेबांचे तोंडी मत होते. सरपंच सदाशिवराव काटकसरी गृहस्थ. त्यांनी मला घेतले, कारण मी चौथी शिकलेली होते आणि बोलत नसे. दुसरी बाई म्हणून वस्तीतली तुळसाबाई घेतली. अशा रीतीने तीन माणसांची गरज दोन बायांत भागली. आमचे काम सभेला बसणे. मी सतरंजीच्या काठावर बसे आणि तुळसाबाई सतरंजी संपते तिथे. (सतरंजी लहान होती. ती कितीही लांब अंथरली तरी नेमकी तिथेच संपायची.)

त्या वर्षी गावाला नळयोजना मंजूर झाली. गावविहिरीवर विजेचा पंप, वर सिमेंटची टाकी, आणि टाकीपासून चार नळ. तीन गावात, चौथा नाला ओलांडून वस्तीत. तोवर वस्तीचे लोक नाल्याच्या रेतीत झिरा खणून पाणी काढत. चैत्र लागला की झिरा आटे. मग वस्तीतल्या बाया आमच्या विहिरीपासून दहा हात अंतरावर रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहत, आणि कोणाला दया आली की तो वरून पाणी ओतून देई. विहीर सर्वांना खुली आहे, हे आमचे गाव कधीच नाकारत नव्हते. तसे कागदावर लिहून शाळेच्या भिंतीला चिकटवलेसुद्धा होते. फक्त विहिरीवरचा दोर खाजगी होता.

तुळसाबाईची पोरगी प्रभावती हिचे लग्न वैशाखी पौर्णिमेला ठरले होते. नवरदेव उमरखेडचा, तिथे मास्तर. धम्म घेतल्यापासून वस्तीतले हे पहिलेच मोठे लग्न. दोनशे पाहुणे यायचे होते. तुळसाबाईने पंचायतीच्या ओट्यावर सर्वांसमक्ष सांगितले, "माह्या पोरीच्या लग्नात वऱ्हाडाले मी मागून आनलेलं पानी पाजनार नाई. दहा हात दूर उभं राहून त नाईच नाई. नळाचं पाजीन."

"पाज ना वं," सदाशिवराव म्हणाले. "पंप आला, टाकी झाली, नळ गाडले. आता राह्यलं काय? एक पेटी."

एवढेच राहिले होते.

पंपाचा स्टार्टर उघड्यावर बसणार होता, म्हणून तो टिकाऊ पेटीत ठेवावा असे पत्रक वीज खात्याकडून आले. पत्रकात वर सांगितलेल्या पाच अटी होत्या. पेटीवर कवटीचे चित्र काढून 'धोका! हात लावू नये' अशी पाटी रंगवावी, अशी सहावी. ही सहावी अट वाचली तेव्हा सभेत जो आनंद पसरला तो मी विसरू शकत नाही. एखाद्या वस्तूला हात लावू नये असे उघड म्हणायला नव्या कायद्यापासून गाव जरा बिचकत होते. आता सरकारनेच होऊन तशी एक वस्तू दिली होती, वर पाटीही लावायला सांगितली होती. मारोतराव तर म्हणाले, "सरकारले उशिरा का होईना, अक्कल आली." पेटीचा विषय गावाने एकदम मनावर घेतला. (पावसाळा लागेपर्यंत पंचायतीच्या अकरा सभा झाल्या. अकराही पेटीवर. पाणी हा विषय 'ऐनवेळचे विषय' या सदरात होता, आणि ती वेळ आली नाही.)

मारोतराव कोण, ते सांगायला हवे. तालुक्यात बैल पारखावा तो मारोतरावांनी. गावात कोणीही बैल घेवो, मारोतराव बरोबर गेल्याशिवाय दावे हातात घेत नसे. तेव्हा पेटी निवडायला दुसऱ्या कोणाला पाठवणार? टिकाऊ आणि उघड्यावर राहणारी वस्तू म्हणजे आमच्या गावाच्या माहितीत बैलच होता.

उपसमितीपुढे चार पेट्या आल्या. पहिली सागाची, उत्तम कारागिरीची. ती नाकारली, कारण इतकी चांगली वस्तू उघड्यावर ठेवणे बरे नव्हे. दुसरी यवतमाळहून आणलेली पत्र्याची. मारोतरावांनी तिच्या पाठीवर थाप मारली, ती कण्हली, म्हणून नापास. तिसरी पेटी नव्हतीच. वीज खात्याचा वायरमन देवीलाल म्हणाला की विहिरीजवळच्या भिंतीत सिमेंटचा कोनाडा करू, वर छज्जा काढू, पुढे जाळीचे दार लावू, एका दुपारचे काम आहे. ही सूचना इतकी सोपी होती की उपसमितीचा अपमान झाला. ती एकमताने फेटाळली.

चौथी पांढरकवड्याला भंगारवाल्या रामलालकडे होती. तिची पारख पाहायला मी होते. मारोतरावांनी पेटीला उजवीकडून तीन फेऱ्या मारल्या. चारही पायांखाली वाकून पाहिले. दार उघडून आत डोके घातले आणि वास घेतला. मग उन्हात नेऊन उभी करायला लावली आणि सावली कशी पडते ते पाहिले. अंगावर भोवरा आहे का ते बोटांनी चाचपले. शेवटी रामलालला विचारले, "पहिल्या मालकानं काहून काढली?"

"बाबूजी, मालकच मेला," रामलाल म्हणाला.

"पेटीमुळे?"

"नाही, म्हातारपणानं."

"मंग ठीक."

सौदा बैलबाजारातल्यासारखा रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून झाला. (किंमत मला ठाऊक नाही. ती रुमालाखालीच राहिली.) ही पेटी कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधली. जाड लोखंडाची, दाराच्या कडेने दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची पट्टी, उचलायला सहा माणसे. परत येताना मारोतराव बंडीत तिच्या शेजारी बसून साऱ्या वाटेने मला सांगत होते, "कोकिळाबाई, आख्ख्या अंगाले एक भोक नाई. एक! असं जनावर... असी पेटी मी आजवर पाह्यली नाई."

पेटी आली, पण प्रश्न सुटला नाही. पत्रकाप्रमाणे ती पर्जन्यरोधक असल्याचा दाखला हवा होता आणि त्यावर प्रत्येक सभासदाची सही. दाखल्याशिवाय जोडणी नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सभा भरली. सदाशिवरावांनी दाखला लिहूनच आणला होता. सर्वांनी भराभर सह्या केल्या. तुळसाबाई सही शिकली होती. पाच अक्षरे, पाच मिनिटे. सदाशिवरावांनी टाक पुढे केला, म्हणजे सतरंजीच्या काठावर ठेवला.

तुळसाबाईने तो उचलला नाही. "सरपंचसाहेब, पेटीत पानी जात नाई असं यात लिवलं?"

"हाव."

"कोनं पाह्यलं?"

 असा प्रश्न आजवर कोणत्याही दाखल्याला कोणी विचारला नव्हता.

"आता चैत्रात पाऊस कुठून आनू?" सदाशिवराव म्हणाले.

"वता ना वरून. विहीर तुमची, दोर तुमचा. मी काई त्याले हात नाई लावत."

मुद्दा बिनतोड होता. पेटी नाल्याच्या काठावर, निंबाखाली नेऊन ठेवली. (विहिरीजवळ चाचणी घेतली असती तर चिखल झाला असता आणि तुळसाबाई सभासद म्हणून विहिरीजवळ आली असती. दोन्ही टाळणे इष्ट होते.) चाळीस घागरी पाणी वरून ओतले. दार उघडले. आत कोरडे. मारोतरावांनी कौतुकाने पेटीच्या पाठीवर हात फिरवला.

तेवढ्यात तुळसाबाई म्हणाली, "आन खाली किती आलं?"

"म्हंजे?"

"चाळीस वतल्या. खाली चाळीस आल्या पायजे. कमी आल्या त पेटी प्याली. तिचं पोट जाड हाये, वरून दिसनार नाई."

सदाशिवराव माझ्याकडे पाहू लागले. सभासद या नात्याने मी तोंड उघडले ते हे पहिल्यांदा. मी म्हटले, "बरोबर आहे. हिशेबाला धरूनच आहे." का म्हटले ते मला आजही नीटसे सांगता येत नाही. प्रभावती लहान असताना आमच्या शेतात कापूस वेचायला येई आणि वेचता वेचता मोठ्याने पाढे म्हणे. तेवढे मात्र आठवले.

दुसऱ्या दिवशी पेटीखाली मापनाची व्यवस्था केली. पेटी चार दगडांवर उचलली, खाली पत्र्याची पन्हाळ लावली, आणि पन्हाळीच्या तोंडाशी, म्हणजे नाल्याच्या बाजूला, वस्तीतल्या बाया पितळी गंज, घागरी, घंगाळे घेऊन रांगेत उभ्या केल्या. त्या पाणी मोजणार. वहीत मी लिहिणार. पहिल्या दिवशी ओतलेल्या घागरी ४०, मोजलेल्या ३१. नऊ घागरींचा ठाव लागेना. पेटी आत कोरडी. मग कळले की घागरींची तोंडे लहान, पाणी बाहेर उडते. तुळसाबाईने वस्तीतली सगळी रुंद तोंडाची भांडी आणण्याची सूचना मांडली. ती मंजूर झाली. तेव्हापासून ४० ला ४० येऊ लागल्या. मोजून झालेल्या पाण्याचे काय करायचे याविषयी पत्रकात काहीच नसल्याने ते मोजणाऱ्यांनी नेले.

आता कोणी विचारील, हे तर वरून ओतलेलेच पाणी, पूर्वी ओतत तसे. फरक काय? फरक असा की पूर्वी मागावे लागे, आता मोजावे लागत होते. दुसरे, आमच्या लोकांच्या घागरी आणि त्यांची भांडी यांच्यामध्ये आता एक सरकारमान्य वस्तू उभी होती. आम्ही पेटीवर ओतत होतो. ते पेटीखाली घेत होते. कोणाचा कोणाशी संबंध नाही. (विद्युतशास्त्रात याला इन्सुलेशन म्हणतात, असे देवीलालने मला सांगितले.) माझ्या घरची पाळी असे तेव्हा मीही ओतले. माझी घागर पेटीपासून चांगली वीतभर वर असे. पेटीला ती टेकली असती तरी काही बिघडले नसते. पण सवय लोखंडाहून टिकाऊ असते.

चाचणी एका दिवसात संपावी असे सदाशिवरावांना वाटत होते. तुळसाबाई सही देईना. "एका दिसाच्या पान्यानं काय समजते? आपल्याकडं मिरगापासून हत्तीपर्यंत पाऊस येते. पेटी बाराही महिने बाहेर राहीन ना?"

हे मात्र गावातल्या म्हाताऱ्यांना पटले. नुसते पटले नाही, त्यांच्यात जीव आला. पावसाविषयी कोणी त्यांचे मत विचारून कैक वर्षे झाली होती. ओट्यावर बैठक बसली आणि मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रांचे वेळापत्रक ठरले. काटकसर म्हणून एका नक्षत्राला तीनच दिवस. मृगाला रोज तीस घागरी, वाऱ्यासह (वाऱ्यासाठी दोन माणसे पोती हलवतील). आर्द्राला पन्नास. पुनर्वसूचा तरणा पाऊस, तो जोरात ओतायचा. पुष्याचा म्हातारा पाऊस, तो थांबत थांबत, मधे खोकल्याला जागा सोडून. मघाचा सासूंचा पाऊस साठ घागरी, पेटीच्या डोक्यावर आपटून. पूर्वाचा सुनांचा पाऊस, तितकाच, पण आवाज न करता. पाणी भरायला घरोघर पाळ्या लावल्या. मोठ्या घरांना मोठी नक्षत्रे, हा नियम सदाशिवरावांचा.

अशा रीतीने ज्या गावाने शंभर वर्षांत नाल्यापलीकडे घागरभर पाणी आपणहून पोचवले नव्हते, ते गाव रोज सकाळी पेटीला न्हाऊ घालायला रांगेने निघू लागले. आश्लेषाच्या दुसऱ्या दिवशी ओतल्या ४५ आणि मोजल्या ४६. मी दोनदा मोजून घेतल्या. चौकशी झाली. पेटीने एक घागर पाणी स्वतः तयार केले, असा शेरा सदाशिवरावांनी मारला आणि तो विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून वर कळवला. त्या दिवशी पाळी मारोतरावांच्या घरची होती. त्यांची आई रुपीबाई, डोळ्यांनी अधू, घरी जाता जाता मला म्हणाली, "माह्याच्यानं मोजनं होत नाई बाई. दिसत नाई ना." तिला मोजणे चांगले येत होते. दुधाचे रतीब घाली ती.

मारोतरावांच्या मात्र ध्यानात येऊ लागले होते. "सदाशिवराव," ते म्हणाले, "पेटी तपासून राह्यलो का वस्तीले पानी पुरवून राह्यलो?"

"दाखल्यावर सही पायजे ना!"

"मंग घ्या ना तिचा अंगठा धरून!"

"तिले सही येते," सदाशिवराव खिन्नपणे म्हणाले. "शिकवायलेच नोको होतं."

अक्षयतृतीयेला हस्त संपला. सत्तावीस दिवस पुरे झाले. पेटी आत कोरडी ठणठणीत. त्या दिवशी घरोघर पितरांसाठी नवी घागर भरून ठेवतात; आमच्या गावातल्या एकाही मेलेल्या माणसाला कधी पाण्यासाठी दहा हातांवर उभे राहावे लागलेले नाही. संध्याकाळी सभा. सदाशिवरावांनी दाखला आणि टाक दोन्ही सतरंजीच्या काठावर ठेवले.

लग्नाला बारा दिवस होते. तुळसाबाईला कळत होते, मलाही कळत होते. सही झाली की दाखला यवतमाळला जाईल, तिथून पुढे जाईल, मग परत येईल, मग जोडणी, मग उद्‌घाटनाला साहेबांची तारीख. नळाला पाणी दिवाळीपर्यंत येणार नाही. आणि चाचणी मात्र उद्यापासून बंद. झिरा कधीच आटला होता. दोनशे पाहुण्यांसाठी तुळसाबाईला पुन्हा दहा हातांवर उभे राहावे लागले असते. तिने टाक उचलला. 'तु' काढला. मग 'ळ' काढला. मग थांबली.

"वायरमनभाऊ आले काय?"

देवीलाल दाराशी बिडी विझवत उभा होता. तो आत आला.

"त्याहीले इचारा," तुळसाबाई म्हणाली, "तार आत कुठून जाईन?"

देवीलालने कान खाजवला. "हां, वो तो मैं पहले दिन से बोलनार था साहेब. तार घुसवायला भोक पायजे. कमीत कमी दोन."

मारोतराव ताडकन उठले. "भोक? त्या पेटीले? अबे, भोक नाई म्हनूनच त घेतली!"

"बाबूजी, मग बिजली अंदर कैसी जाईन?"

"ते तुह्यं काम! पत्रकात लिवलं हाये, काई आत जाऊ नये. तार काय काईतच नाई येत?"

एक तासभर यावर वाद झाला. तार ही 'संबंध नसलेली' वस्तू आहे काय, यावर दोन मते पडली. अखेर सदाशिवरावांनी जड मनाने भोके पाडण्याचा ठराव मांडला. मारोतराव विरोधी मत नोंदवून बाहेर गेले. त्यांचे डोळे ओले होते. मी स्वतः पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवीलालने दोन भोके पाडली, त्यांना रबराची बुचे लावली आणि सांगितले, आता तयार.

"तयार कसी?" तुळसाबाई म्हणाली. "चाचनी झाली ते बिनभोकाच्या पेटीची. हे त भोकाची. हे दुसरी पेटी झाली."

सदाशिवरावांनी आकाशाकडे पाहिले. आकाशात ढग नव्हते.

"पुन्हा मिरगापासून?" त्यांनी विचारले.

"आन या टायमाले वाहन पाहून. पंचांगात लिवलं राहते ना, कोन्या नक्षत्राचं वाहन कोनतं? बेडूक असन त जास्त, गाढव असन त कमी. गुरुजीले इचारा."

"तुळसाबाई, तू बुद्धाची ना? तू पंचांग मानते?"

"मी कायले मानू? तुमी मानता ना?"

गुरुजींनी पंचांग काढले. मृगाचे वाहन कोल्हा, आर्द्राचे मेंढा, पुनर्वसूचे उंदीर. सगळी कोरडी. वैशाखी पौर्णिमा ज्या पुष्याच्या तिसऱ्या दिवशी येत होती, ते तर म्हाताऱ्या पावसाचे नक्षत्र. तुळसाबाईचा चेहरा मी पाहत होते. तो पडला होता. गुरुजींनी बोट खाली नेले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुष्य... वाहन हत्ती."

"म्हाताराच हाये," तुळसाबाई सावकाश म्हणाली, "पन हत्तीवर बसून येऊन राह्यला."

पुष्याला रोज ऐंशी घागरी ठरल्या. हत्ती असल्याने पाळी गावातल्या सर्वांत मोठ्या घराची, म्हणजे सरपंचांची. नियम त्यांनीच केला होता.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. सदाशिवरावांची बंडी हाकणारा सालदार गडी वस्तीतलाच, तो लग्नाला. त्यांचे दोन्ही मुलगे शिकायला नागपूरला. सरपंचवहिनींच्या कमरेत उसण. सदाशिवराव चाचणी एक दिवस पुढे ढकलणार होते, पण मोजणी वहीत मी 'खंड पडल्यास चाचणी रद्द समजावी' असे आदल्याच आठवड्यात लिहिले होते, आणि त्याखाली न वाचता सही त्यांचीच होती. (न वाचता सही करणे हा आमच्या पंचायतीचा पाया होता. मी फक्त त्यावर एक वीट ठेवली.) तेव्हा त्यांनी बंडीवर पाण्याचा पिंप चढवला, मारोतरावांचे बैल मागून आणले आणि धोतर खोचून स्वतः निघाले.

त्याच वेळी उमरखेडचे वऱ्हाड नाल्यापलीकडे उतरले. समोर त्यांना दिसले ते असे: पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया भांडी घेऊन रांगेत उभ्या आहेत, पन्हाळीतून पाण्याची धार पडते आहे, आणि वर निंबाखाली फेटा बांधलेले एक वजनदार गृहस्थ घामाघूम होऊन घागरीमागून घागर ओतत आहेत. मधूनच थांबतात. (म्हातारा पाऊस.)

नवरदेवाच्या मामाने विचारले, "ते कोन हायेत?"

"सरपंच," तुळसाबाई म्हणाली.

"तुमच्या गावात सरपंच पानी भरते?"

"हाव. आज त्याची पाळी हाये."

 मामाने डोक्यावरची टोपी सारखी केली. वऱ्हाड पाणी प्याले. हातपाय धुतले. दुसऱ्या पंगतीनंतर पाणी कमी पडेलसे वाटले तेव्हा तुळसाबाई नाल्याच्या काठावर आली आणि वर पाहून एवढेच म्हणाली, "सरपंचसाहेब, त्रेसष्ट झाल्या. सतरा राह्यल्या." ती मागत नव्हती. ती मोजत होती. सदाशिवरावांनी सतरा ओतल्या. शेवटच्या घागरीच्या वेळी त्यांनी वाकून, कसे कोण जाणे, विचारले, "पंगतीचं वरन नीट झालं ना?" प्रभावतीच्या लग्नात तुळसाबाईच्या डोळ्यांत पाणी मी तेवढ्याच वेळी पाहिले. ते मोजणीत धरले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खरा मृग आला. पहिली सर पडताच सहा माणसांना हाका मारून मारोतरावांनी पेटी पंचायतीच्या खोलीत हलवली. चाचणी पुरी झाली नसताना पेटी पावसात भिजू देणे योग्य नव्हते. ती पुन्हा बाहेर आली नाही. इतकी टिकाऊ वस्तू उघड्यावर ठेवून खराब करू नये, असा ठराव झाला. पुढे तिच्यात पंचायतीची सतरंजी ठेवीत. देवीलालने एका दुपारी भिंतीत कोनाडा केला, छज्जा काढला, जाळीचे दार लावले, आणि ती कवटीची पाटी वर ठोकली. पेटीच नव्हती, म्हणून दाखलाही लागला नाही. दिवाळीत चारही नळांना पाणी आले.

चौथ्या नळाला पाणी आल्यावर गावाला एक शंका आली. पाणी टाकीकडून वस्तीकडे जाते ते ठीक. पण वस्तीकडून उलटे गावाच्या नळात येते काय? देवीलाल म्हणाला, पाणी चढावर चालत नाही. गावाने त्याचे ऐकून घेतले आणि मग चौथ्या नळाच्या आधी एकाच बाजूला उघडणारी झडप बसवली. त्या झडपेची निवड एकाच सभेत, दहा मिनिटांत झाली. तिला कोणतीही चाचणी लागली नाही.

हे सारे मी माझ्या नातसुनांना सांगते तेव्हा त्या फार हसतात. तुम्हीही हसला असाल. गावच तसे होते, त्याला कोण काय करणार! आता हसून घसा कोरडा पडला असेल, तर उठा, पाणी प्या. तुमच्याकडे भांडी घासायला जी येते, तिलाही विचारा. उन्हातून आलेली असते. तिला कोणत्या पेल्यात देता, ते मला सांगू नका. मला ठाऊक आहे. खिडकीत, वेगळा, उपडा घातलेला. फार टिकतो तो.